वाचकांचे प्रश्न : ऊसतोड मजूर, मुकादम आणि सरकारी कपाटातले कागद

गाळप हंगाम सुरू झाला की या सदराच्या टपालात ऊसतोडीचे प्रश्न वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. मजूर, मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार) आणि कारखाना यांच्या व्यवहारावर सरकारची देखरेख असते म्हणतात, पण त्या देखरेखीचे कागद सामान्य माणसाला बघायला कुठे मिळतात? निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

आमच्या गावातून दरवर्षी पन्नासेक कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) कोल्हापूर-सांगलीकडे जातात. कोण कोणत्या कारखान्यावर गेले, मुकादमाने किती उचल (आगाऊ रक्कम) दिली, करार झाला का, अशी माहिती मी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागितली. ‘माहिती निरंक’ एवढेच उत्तर आले. आता काय करावे? (केज तालुका, जि. बीड)

‘निरंक’ हे उत्तर अशा वेळी बहुधा खरे असते, आणि गोम तिथेच आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 कार्यालयात असलेला कागद मिळवून देतो. नसलेला कागद तयार करून देण्याचे बंधन तो घालत नाही. तुम्ही मागितलेले तिन्ही तपशील जिल्हाधिकारी कार्यालयात येतच नाहीत. तेव्हा आधी कोणता कागद कोणाकडे असायलाच हवा ते पाहायचे आणि मग अर्ज लिहायचा.

ऊसतोडीवर नजर ठेवणारे एकच एक कार्यालय महाराष्ट्रात नाही. कारखान्याचा गाळप परवाना, गाळपाचे आकडे, तोडणी-वाहतूक खर्च आणि सहकारी कारखान्यांचे लेखापरीक्षण अहवाल पुण्याच्या साखर आयुक्तालयात आणि त्याच्या प्रादेशिक सहसंचालकांकडे असतात. मजुरांच्या कल्याणासाठी जमा होणारा पैसा आणि योजनांचे लाभार्थी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे. मजूर म्हणून नोंदणी आणि ओळखपत्र गावातल्या ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). मुलांची हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रके जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे. वजनकाट्याची तपासणी वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे. वेठबिगारीची तक्रार प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. कामगार आयुक्तालयाचा पत्ता मजुराला सगळ्यात आधी आठवतो, पण तिथे ऊसतोडीची फाइल सापडेलच असे नाही. महामंडळाचा विषयही कामगार विभागाकडून सामाजिक न्याय विभागाकडे गेला आहे.

उचलीचे दोन थर असतात हेही लक्षात घ्या. कारखाना वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी स्टॅम्पपेपरवर करार करून आगाऊ रक्कम देतो. त्याची नोंद कारखान्याच्या खतावणीत असते, आणि सहकारी कारखाना असेल तर लेखापरीक्षण अहवालात ‘तोडणी-वाहतूक ठेकेदारांकडून येणे’ अशा सदराखाली एकत्रित दिसते. मुकादम कोयत्याला जी उचल देतो ती त्याच्या खिशातल्या डायरीत राहते. हा दुसरा थर कोणत्याही सरकारी दप्तरात नाही, म्हणून माहिती अधिकारातून तो बाहेर येत नाही. लेखापरीक्षण अहवाल मागितला तर पहिला थर मात्र येतो.

ग्रामपंचायतीकडे ‘सन 2024-25 मध्ये ऊसतोड कामगार म्हणून दिलेल्या ओळखपत्रांच्या नोंदवहीची छायाप्रत’ मागा. ती ग्रामसभेत वाचून दाखवायचा आग्रहही धरता येतो. नोंदवहीत नवऱ्याचे नाव आहे आणि बायकोचे नाही, हा दोष सर्रास आढळतो. कोयता म्हणजे जोडी. फडात (तोड चालू असलेल्या उसाच्या रानात) दोघे राबतात, पण कागदावर एकच असेल तर दुसरीला योजनेचा लाभ मिळणे अवघड होते.

महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपावर टनाला 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम शासनाने घालायची, अशी रचना आहे. म्हणजे 8 लाख टन गाळप केलेल्या कारखान्याचे देणे 80 लाख रुपये. गाळपाचा आकडा साखर आयुक्तालय हंगामभर जाहीर करत असते. तो घ्या, 10 ने गुणा आणि महामंडळाकडे असा अर्ज करा: ‘सन 2024-25 हंगामासाठी अमुक कारखान्याने प्रतिटन 10 रुपयांप्रमाणे भरलेल्या रकमेची चलने किंवा पावत्या, तसेच थकबाकीबाबत कारखान्यास पाठविलेली पत्रे यांच्या छायाप्रती.’ या अर्जाला ‘निरंक’ म्हणून सहज निसटता येत नाही. पैसे भरले असतील तर चलन असायला हवे. नसतील तर थकबाकीचे पत्र का गेले नाही, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. म्हणून चार कार्यालयांना चार अर्ज, प्रत्येकावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. छायाप्रतीला पानामागे 2 रुपये. ‘का केले नाही’, ‘जबाबदार कोण’ असले शब्द अर्जात नकोत. कागदाचे नाव, कालावधी आणि कार्यालय एवढेच लिहा. कालावधी लिहायला विसरलात तर ‘माहिती मोघम आहे’ म्हणून अर्ज परत येतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो योग्य ठिकाणी 5 दिवसांत वर्ग करणे कलम 6(3) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. तुमच्या अर्जाबाबत ते झालेले दिसत नाही, म्हणून पहिल्या अपिलात हा मुद्दा जरूर घ्या.

आम्ही ऊस उत्पादक सभासद आहोत. कारखान्याकडे तोडणी यंत्रणेचे करार मागितले तर ‘आम्हाला माहिती अधिकार लागू नाही’ असे लेखी उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का? (वाळवा तालुका, जि. सांगली)

थेट अर्जापुरते बहुतेक वेळा बरोबर आहे. थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण (माहिती अधिकार लागू असलेली संस्था) ठरत नाही. सरकारचे भरीव अर्थसाहाय्य किंवा खरेखुरे नियंत्रण सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करत बसलात तर हंगाम कधीच संपलेला असेल.

त्यापेक्षा दोन वाटा सोप्या आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(च) मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येत, इतर कायद्यानुसार सरकारी कार्यालयाला खासगी संस्थेकडून जी माहिती घेता येते तीही येते. साखर आयुक्तांना सहकारी कारखान्यांबाबत निबंधकाचे अधिकार आहेत आणि गाळप परवानाही तेच देतात. म्हणून अर्ज साखर आयुक्तालयाला करायचा आणि त्यात हे कलम स्पष्ट लिहायचे. खासगी कारखान्यासाठीही हीच वाट चालते, कारण परवाना त्यालाही घ्यावा लागतो.

दुसरी वाट तुमच्यासाठी जास्त जवळची. तुम्ही सभासद आहात, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चे कलम 32 सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त अशी कागदपत्रे पाहण्याचा व प्रती घेण्याचा हक्क देते. स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदीही मागता येतात. ‘तोडणी-वाहतूक’ हा खर्च तुमच्याच उसाच्या बिलातून जातो, हे सभेत सांगायला विसरू नका. मजुराच्या हिशोबात उत्पादकाचा काय संबंध, असे विचारणाऱ्याला तेवढे उत्तर पुरे.

जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली असे वाचले. ती मजुरापर्यंत पोचली का हे तपासायचे कसे? (आष्टी, जि. बीड)

या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले. गाडीचा प्रकार आणि वाहतुकीचे अंतर यांप्रमाणे इतर दर वेगळे असतात, म्हणून आपल्या टोळीचा प्रकार आधी नक्की करा. टायर बैलगाडी, ट्रॅक्टरगाडी, डोकी सेंटर (डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणारी टोळी) यांचे हिशोब एका मापाने होत नाहीत.

हे दर सरकार अधिसूचना काढून ठरवत नाही. साखर कारखाना संघ आणि कामगार संघटना यांच्यात ठराविक वर्षांसाठी करार होतो आणि गाडे अडले की लवाद बसतो. त्यामुळे राजपत्रात शोधून काही मिळणार नाही. कराराची प्रत साखर आयुक्तालयाकडे मागताना ‘आपल्या कार्यालयात उपलब्ध असलेली प्रत’ असे शब्द वापरा. कागद संघाने तयार केला असला, तरी सरकारी दप्तरात आला की तो मागता येतो.

आता पावतीकडे या. फडात चिटबॉय (कारखान्याचा नोंद ठेवणारा माणूस) जी चिठ्ठी देतो तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, वाहन आणि टोळी क्रमांक असतो. गाडी काट्यावर भरलेली आणि मग रिकामी तोलली की निव्वळ वजनाची पावती निघते. पंधरवड्याला या वजनांची बेरीज होऊन बिल निघते आणि रक्कम वाहनमालकाच्या किंवा मुकादमाच्या खात्यावर जाते. इथून पुढे सरकारी डोळा नाही. उचलीची वसुली, टायर गाडीचे भाडे, डिझेल, किराणा, खाडे अशा वजावटी होऊन उरलेला आकडा मजुराला तोंडी कळतो.

जोडीने दिवसात 2 टन ऊस तोडला तर 366 च्या दराने 732 रुपये होतात, तेही दोघांचे मिळून. पंधरवड्यात 12 दिवस काम झाले तर 8,784. तुमचे बिल यापेक्षा बरेच खाली असेल तर फरक तीन जागी शोधा: वजन कमी धरले, जुना दर लावला, किंवा मुकादमाचे कमिशन मजुराच्या दरातूनच कापले. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त लपून राहतो. कमिशन दराच्या वर कारखान्याने द्यायचे असते. ते मजुराच्या पैशांतून घेणे म्हणजे एकाच कामाचे कमिशन दोनदा घेणे. गाडी काट्यावरून उतरली की चिठ्ठी आणि वजनपावती या दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कारखान्याच्या बिलाशी ताडून पाहायला मजुराच्या हातात बहुधा तेवढाच पुरावा असतो.

साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय तोडणी-वाहतूक खर्चही असतो. शेजारच्या दोन कारखान्यांचे आकडे घेतले आणि एकाचा खर्च बराच जास्त दिसला, तर त्या खर्चाची फोड मागा: तोडणी किती, वाहतूक किती, कमिशन किती. फोड करून पाहिली की दरवाढ मजुराकडे गेली की डिझेलमध्ये विरली ते दिसते.

काटामारीची तक्रार केली की भरारी पथक येते आणि ‘काटा बरोबर’ असा शेरा मारून जाते. त्या अहवालात काय बघावे? (माढा, जि. सोलापूर)

आधी तपासणी कशी केली ते बघा. पथकाने भरलेली गाडी एकदा तोलली, पुढे नेऊन पुन्हा तोलली आणि वजन तेच आले, तर काटा सुसंगत आहे एवढेच कळते. तो अचूक आहे हे कळत नाही. 200 किलो कमी दाखवणारा काटा दोन्ही वेळा 200 किलोच कमी दाखवेल. खरी तपासणी प्रमाणित वजने ठेवून, वेगवेगळ्या भारांवर आणि प्लॅटफॉर्मच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत होते. प्रमाणित वजने आणायला गाडी लागते, माणसे लागतात, आणि घाईत हीच गोष्ट गाळली जाते.

दुसरी जागा रिकाम्या गाडीच्या वजनाची. काही ठिकाणी गाडीचे रिकामे वजन हंगामाच्या सुरुवातीला एकदा नोंदवतात आणि तेच वापरत राहतात. गाडीला नंतर फळ्या लावल्या, टायर बदलले, चिखल बसला तर निव्वळ वजन बदलते. प्रत्येक खेपेला रिकामी गाडी तोलली जाते का, हे अहवालात लिहिलेले असायला हवे.

काट्याची वर्षातून एकदा फेरपडताळणी करून मुद्रांकन करावे लागते. वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे मागायचे ते असे: चालू वर्षाचे पडताळणी प्रमाणपत्र, भरारी पथकाच्या भेटीचा तारीख-वेळेसह पंचनामा, चाचणीसाठी वापरलेल्या प्रमाणित वजनांचा तपशील. जिल्हाधिकाऱ्यांनी पथक नेमल्याचा आदेश वेगळ्या अर्जाने मागा. भेटीच्या आधी कारखान्याला पत्र गेले होते का, हे त्या नस्तीतल्या (फाइलमधल्या) जावक क्रमांकावरून समजते. दुसऱ्या खासगी काट्यावर गाडी तोलून तुलना करणार असाल तर लगेच करा. ऊस वाळतो आणि दोन तासांनंतरचा फरक कारखाना सहज त्या कारणावर ढकलतो.

उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने आमच्या नातेवाइकांना दुसऱ्या जिल्ह्यात फडावर अडवून ठेवले होते. पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. माहिती अधिकाराचा उपयोग होईल का? (सोनपेठ, जि. परभणी)

माणसे अडकलेली असताना माहिती अधिकाराची वाट पाहू नका. अशा वेळी प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 खाली लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. आगाऊ रकमेपोटी माणसाला जाऊ न देणे, दुसरीकडे काम करू न देणे ही या कायद्यातली वेठबिगारीची लक्षणे आहेत. हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 15 ने पैसे देणाऱ्यावर टाकली आहे. असे कर्ज फेडण्याचे बंधनही कायद्याने संपते. वेठबिगारी करायला लावणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून ‘दिवाणी वाद’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

तक्रारीत तारखा, फडाचे गाव, कारखान्याचे नाव, मुकादमाने उच्चारलेले शब्द नव्हे तर केलेल्या कृती लिहा: मोबाइल काढून घेतला, बैल अडवले, एकाला गहाण ठेवून बाकीच्यांना सोडले. ‘छळ केला’ या एका शब्दावर चौकशी पुढे सरकत नाही.

केंद्राच्या पुनर्वसन योजनेत सुटकेनंतर 30,000 रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे. पुढची रक्कम प्रौढ पुरुषाला 1 लाख, महिला व मुलांना 2 लाख, अतिशय गंभीर प्रकरणात 3 लाख. सगळे अडते ते मुक्ती प्रमाणपत्रावर, म्हणजे वेठबिगारीतून सुटका झाल्याच्या सरकारी दाखल्यावर. ते न देता अधिकारी समजुतीने प्रकरण मिटवतात, मजूर गावी येतो, आणि कागदावर वेठबिगारी झालेलीच नसते.

माहिती अधिकाराचे काम इथून सुरू होते. कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी. तिच्या मागच्या 3 वर्षांच्या सर्व बैठकांची इतिवृत्ते मागा. समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्ते पाहायला मिळतात का, हे स्वतःहून जाहीर करणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख)(8) ने सक्तीचे केले आहे. तीन वर्षांत एकही बैठक नाही असे उत्तर आले, तर तेही मोलाचे आहे. ते उत्तर सही-शिक्क्यासह मिळवा आणि पुढच्या तक्रारीला जोडा. स्वातंत्र्याचा प्रश्न असलेली माहिती 48 तासांत देण्याची तरतूद कलम 7(1) मध्ये आहे. अडकलेल्या माणसाच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, हे विचारताना तिचा आधार घ्या.

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची आकडेवारी मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. कायदा बदलला आहे का? (शिरूर कासार, जि. बीड)

बदलला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहितासाठी द्यायची सोय त्याच कलमात होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि ते शब्द गेले. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित हे संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. अपिलात आता याच कलमाचा हात धरायचा.

पण तुमच्या बाबतीत तिथवर जायची गरजच नाही. संख्या म्हणजे व्यक्ती नव्हे. ‘जानेवारी ते डिसेंबर 2024, रुग्णालयनिहाय, महिनानिहाय, वयोगटनिहाय शस्त्रक्रियांची संख्या, नावे वगळून’ असे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागा. नावे असलेलाच कागद असेल तर कलम 10 प्रमाणे नावे झाकून बाकीचा भाग द्यावा लागतो. एक सावधगिरी ठेवा: छोट्या गावाची आकडेवारी मागू नका. गावात अशी एकच बाई असेल तर नाव न लिहिताही ती उघडी पडते. तालुक्यापर्यंतच थांबा.

असे एकत्रित आकडे याआधी जाहीर झाले आहेत. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या वेळी पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेव्हा कोणाची गोपनीयता आड आली नव्हती.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहतो. तिथे शेतमजुरांसाठी वेगळे सरकारी मंडळ आहे आणि त्याच्या बैठकीला कोणीही बसू शकते असे तो सांगतो. खरे का? (नाशिक)

खरे आहे. अमेरिकेच्या 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने शेतमजुरांना वगळले होते, म्हणून कॅलिफोर्नियाने 1975 मध्ये स्वतःचा कायदा केला. त्याखालच्या मंडळावर राज्यपालांनी नेमलेले 5 सदस्य असतात. तक्रारीची चौकशी करून खटला चालवणारा मुख्य विधी अधिकारी वेगळा आणि निकाल देणारे सदस्य वेगळे. राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार विषयपत्रिका 10 दिवस आधी लावावी लागते आणि लोकांना बोलायची संधी द्यावी लागते. प्रलंबित प्रकरणाचा विचारविनिमय बंद दाराआड चालतो, पण निकाल क्रमांक देऊन प्रसिद्ध होतात. संघटनेच्या बाजूने सही करणाऱ्या मजुराचे नाव मालकाला कळू दिले जात नाही. आपल्याकडे नाव उघड करण्याबाबत जो गोंधळ चालतो त्याच्या तुलनेत ही रेघ फार स्वच्छ वाटते.

म्हणून तिथे सगळे सुरळीत आहे असे समजू नका. संघटनेच्या कार्यकर्त्यांना शेतावर जाऊन मजुरांना भेटू देणारा मंडळाचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये शेतमालकांच्या बाजूने निकाल देऊन मोडीत काढला.

आमच्याकडचे मजूर बेळगाव-बागलकोटला आणि सुरत-बारडोलीला जातात. अर्ज कुठे करायचा? (नंदुरबार आणि जत येथून आलेले दोन प्रश्न एकत्र)

काम जिथे होते त्या राज्यात. कोणताही भारतीय नागरिक कोणत्याही राज्यात अर्ज करू शकतो, पण महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प तिथे चालत नाही. भारतीय पोस्टल ऑर्डर जोडा. कर्नाटकात 10 रुपये, गुजरातमध्ये 20.

बीडहून कोल्हापूरला जाणारा मजूर ‘आंतरराज्य स्थलांतरित’ नसतो, तुमचे मजूर असतात. हा फरक महत्त्वाचा आहे. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहितांमध्ये विलीन झाला. नव्या संहितेत ही तरतूद असे 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि त्यात प्रवासभत्त्याचाही समावेश आहे. तिथल्या कामगार विभागाला ‘अमुक कारखान्याने आंतरराज्य कामगारांबाबत दाखल केलेली विवरणपत्रे’ असे विचारा.

अर्जाला उत्तरच आले नाही तर? (अनेक पत्रे)

30 दिवस उलटले की नकार मानला जातो. त्यानंतर 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे 20 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करा. मुदत टळल्यामुळे माहिती आता विनामूल्य मिळायला हवी (कलम 7(6)), हे त्यात लिहा. पुढचे अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे: बीड, परभणीचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, सांगली, सोलापूर, कोल्हापूरचे पुण्यात. उशिराबद्दल अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो, पण आयोगाकडे तारीख लागायला फार वेळ जातो. दंडाच्या भरवशावर राहिलात तर एक हंगाम जाईल.

म्हणून अपील टाकाच, पण त्याबरोबर दुसरेही करा. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा शासननिर्णय नोव्हेंबर 2018 चा आहे. जिल्हा परिषदेत हंगामी वसतिगृहांची हजेरीपत्रके, जिल्हाधिकारी कार्यालयात दक्षता समितीची नस्ती अशी पाहता येते. जाताना शासननिर्णयाची प्रत सोबत न्या, कारण टेबलामागच्या कर्मचाऱ्याला तो माहीत असेलच असे नाही. आत गेल्यावर फाइलची पाने क्रमांकित आहेत का ते आधी पाहा आणि हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून घ्या. पुढच्या अर्जात ‘अमुक नस्तीतील पान 14 ते 31’ असे लिहिले की ‘निरंक’ हा शब्द वापरता येत नाही.